कागदोपत्री उंचवटा

डॉक्टरांना रागवायला कारण लागतं, असं त्यांच्या घरात कोणीच म्हटलं नसतं. पण त्या रविवारी सकाळी कारण खरोखरच सापडलं, आणि तेही बायकोच्या चपलेखाली.

शहरापासून तासाभराच्या अंतरावर डॉक्टरांचं सुट्टीचं घर होतं. घरासमोर तळं, आणि तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पाणी अडवून धरणारा मातीचा बांध. सत्तर पावलं लांब, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच. अंगावर गवत, गवतात चार दांडगी झाडं. बायको बांधाच्या पलीकडे, पायथ्याशी उतरली होती. तिथे तिची डावी चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच.

"चिखलात जायचंच कशाला?" डॉक्टर बांधावरून ओरडले.

"मी चिखलात गेलेच नाही. मी गवतात गेले. चिखल खालून निघाला."

"मग बघून पाय टाकायचा."

"अहो, तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. इथे चिखल आला कुठून?"

या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्यांना जास्त राग यायचा. डॉक्टर दातांचे होते. तीस वर्षं समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला, पण बोलू मात्र शकत नाही, अशा थाटात ज्याचं आयुष्य गेलं त्याला उलट प्रश्नाची सवय राहत नाही. ते खाली उतरले. चप्पल उपसून काढली. चपलेच्या जागी खड्डा राहिला, आणि बघता बघता त्या खड्ड्यात पाणी भरलं.

दोघांनी आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग बांधाकडे. बांधापलीकडे तळं काठोकाठ भरलेलं होतं. आणि त्यांच्या पाठीमागे, उतारावर, रोपवाटिका होती, सहा घरं होती, आणि एक बालवाडी होती. त्या बाजूला त्या दिवशी दोघांनीही पाहिलं नाही.

आपल्याकडे एखाद्याला अडचण आली की मदतीला माणूस मिळणार नाही, पण सल्ल्याला रांग लागते. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त बँकवाले म्हणाले, बांधावर अजून झाडं लावा, मुळं माती धरून ठेवतात. त्यांची बायको म्हणाली, आहेत ती झाडंसुद्धा काढा, मुळं कुजली की आत पोकळ्या होतात. यावरून त्या दोघांचंच भांडण जुंपलं आणि डॉक्टर अर्धा कप चहा सोडून उठून आले. दूधवाल्यानं बदकं सोडायला सांगितलं. बदकांनी काय होईल हे त्यानं सांगितलं नाही, पण इतक्या खात्रीनं सांगितलं की विचारायची लाज वाटावी.

सगळ्यांवर कडी केली मेव्हण्यानं. हा बायकोचा धाकटा भाऊ. ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही त्या विषयावर तो हळू आवाजात बोलायचा, त्यामुळे लोकांना ते खरं वाटायचं.

"दाजी, बांधाला थोडं पाझरायला लागतंच," तो म्हणाला. "बांध श्वास घेतो. पाझर बंद झाला तर समजा, फुटलाच."

"श्वास घेतो?" डॉक्टर म्हणाले. "मातीचा ढिगारा श्वास घेतो?"

"तुम्ही रागावून ऐकता, म्हणून तुम्हाला पटत नाही."

कोणाच्याच सल्ल्यात अर्थ दिसेना म्हणून डॉक्टरांनी स्वतःचं डोकं चालवलं. दाताला भोक पडलं तर काय करतात? भरतात. पुढच्या रविवारी त्यांनी सिमेंटची दोन पोती आणली, बाह्या सरसावल्या आणि पायथ्याच्या ओल्या जागेवर स्वतःच्या हातानं असा गुळगुळीत गिलावा केला की गवंड्यानं तोंडात बोट घालावं. बायकोला बोलावून दाखवला. बायको म्हणाली, "छान आहे." पुढच्या आठवड्यात गिलावा कोरडा ठणठणीत होता, आणि त्याच्या डावीकडे दोन हातांवर, जणू मुद्दाम डॉक्टरांना दाखवायला, नवीन झरा लागला होता. आधी नुसता ओलावा होता. आता करंगळीएवढी धार होती.

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथून उतरायला सोमवार उजाडला, तोवर दवाखान्याची वेळ झाली होती.

दवाखान्यात त्या दिवशी पहिली खुर्ची होती ओव्हरसियरबाईंची. बाई आयुष्यभर धरणांच्या कामावर होत्या. आता निवृत्त होऊन नव्या कवळीच्या मागे लागल्या होत्या. डॉक्टरांनी मापाचा मसाला त्यांच्या तोंडात भरला, आणि तो घट्ट होईपर्यंत बांधाचं सगळं पुराण सांगून टाकलं: चिखल, शेजारी, मेव्हणा, गिलावा, आणि कृतघ्न मातीनं शेवटी केलेला अपमान. बाईंच्या घशातून दोनदा काहीतरी आवाज आला. डॉक्टरांना वाटलं सहानुभूती आहे. मसाला निघाल्याबरोबर बाई म्हणाल्या,

"पाणी स्वच्छ आहे की गढूळ?"

"कुठलं पाणी?"

"धारेचं हो. पेल्यात धरून पाहिलंत का?"

"नाही. पेल्यात कशाला धरायचं?"

"स्वच्छ असेल तर तो बांधाचा घाम. घाम सगळ्यांना येतो. गढूळ असेल तर आतलं मांस वाहून येतंय. आणि डॉक्टर, तुम्ही बाहेरून सिमेंट लावलंत? आत पू झालेल्या दाताला वरून टोपी बसवलीत?"

या एका गोष्टीसाठी ते स्वतः दुसऱ्या डॉक्टरांना नावं ठेवत आले होते. गावातल्या दुसऱ्या दातवाल्याबद्दल गेल्याच आठवड्यात त्यांनी हे वाक्य शब्दशः वापरलं होतं.

बुधवारी दुपारी बाई आल्या. एका हातात छत्री, एका हातात काचेचा पेला. धारेचं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरलं. "अजून स्वच्छ आहे," म्हणाल्या, आणि पेला डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिला. "रोज बघायचं. बदललं की मला फोन." मग त्या बांधावर चढल्या आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. घुशींची बिळं छत्रीच्या टोकानं मोजली. एका बिळात तर अर्धी छत्री गेली. बांधाचा माथा मधोमध वीतभर खचला होता. तिथूनच डॉक्टर कौतुकानं गाडी पलीकडे नेत असत. तळं रिकामं करायची जुनी लोखंडी झडप गंजून एकजीव झाली होती. झाडं बघून बाई नुसत्या "हं" म्हणाल्या.

शेवटी त्या सांडव्यापाशी आल्या. तळं भरलं की जास्तीचं पाणी बांधाच्या बाजूनं निघून जावं म्हणून ठेवलेली सखल, मोकळी वाट म्हणजे सांडवा. या वाटेच्या तोंडावर आडवी जाळी ठोकलेली होती.

"ही कोणी लावली?"

"मेव्हण्यानं!" डॉक्टर गरजले. शेवटी गुन्हेगार सापडला याचा त्यांना मनापासून आनंद झाला. "त्याचं मासेप्रेमी मंडळ आहे. अकरा रिकामटेकडे. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी!"

"जाळीला पालापाचोळा अडकतो. पाचोळ्याला पाणी अडकतं. मग पाणी माथ्यावरून जातं, आणि मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की तासाभरात बांध नसतो." बाई दोन पावलं पुढे गेल्या. "आणि हे?"

हे म्हणजे चौथरा होता. सांडव्याच्या बरोबर मधोमध, निम्मी वाट व्यापून, सिमेंटचा पक्का चौथरा. त्याला नक्षीचा कठडा. त्यावर दगडी बाक. संध्याकाळी तिथे बसलं की अख्खं तळं नजरेत मावायचं. तो डॉक्टरांनी गेल्या वर्षी हौसेनं बांधून घेतला होता, कारण सगळ्या जागेत सपाट आणि मोकळी म्हणावी अशी तेवढीच जागा होती. ती मोकळी का आहे, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"हा... आधीपासूनच आहे," डॉक्टर म्हणाले.

बायको एका पक्ष्याकडे पाहू लागली. तिथे पक्षी नव्हता.

बाईंनी यादी सांगितली. सगळ्यात आधी तळं अर्ध्यावर आणायचं, मग बाकीचं. "आणि खालच्या लोकांना आजच सांगा," त्या म्हणाल्या.

"उगाच घाबरतील हो."

"घाबरू देत. घाबरलेला माणूस पळतो तरी."

डॉक्टरांनी मान हलवली. मनात म्हणाले, सांगायचं, पण आधी सगळं नियमाप्रमाणे लावून घेऊ, मग सांगू. म्हणजे सांगताना आपली मान वर राहील.

इथून डॉक्टरांच्या आयुष्यातला तो काळ सुरू झाला, ज्यात दातांच्या डॉक्टरनं दातांच्या कण्या केल्या.

पाणीखात्याचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. लांब खोली, कपाटांवर फायली, फायलींवर धूळ, आणि खिडकीपाशी एक कारकून. कारकून अतिशय नम्र होता. डॉक्टरांना नम्र माणसाचा विशेष राग यायचा, कारण त्याच्यावर ओरडायला जागा मिळत नाही.

"धरण नोंदवायचंय," डॉक्टर म्हणाले.

"उंची किती?"

"साडेतीन मीटर."

"मग ते धरण नाही, साहेब. आमच्याकडे धरण सुरू होतं ते याच्या बऱ्याच वर."

"मग काय आहे ते?"

कारकुनानं डॉक्टरांचे जमिनीचे कागद मागितले, चष्मा लावून वाचले. "यात लिहिलंय: पूर्वेस उंचवटा. बघा. उंचवटा आहे."

"त्या उंचवट्यामागे तळंभर पाणी आहे!"

"पाणी आमचं," कारकून म्हणाला. "उंचवटा तुमचा."

"ठीक आहे. मग तुमचं पाणी मी निम्मं सोडून देतो."

"तसं नाही करता येणार. पाणी ओढ्यात जाईल. ओढाही आमचा. परवानगी लागेल. परवानगी धरणाच्या मालकाला मिळते. तुमच्याकडे धरण नाही."

झाडांच्या खात्यात गेले तर बांधावरचं झाड तोडायला जमीनखात्याचा दाखला मागितला. जमीनखात्यात गेले तर तिथे नकाशात तळंच नव्हतं. तिथे होतं 'गवताळ'. डॉक्टर म्हणाले, गवताळात तुम्ही पोहून दाखवा. हे त्यांनी म्हणायला नको होतं. अर्ज तीन आठवडे मागे गेला. चौथ्या खेपेला ते पुन्हा पाणीखात्यात आले आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आणि समजा तो फुटला तर?"

कारकुनाचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "फुटल्यावर या ना साहेब. त्याचा नमुना अगदी सोपा आहे. एकाच पानाचा."

त्या दिवशी डॉक्टर जिना उतरले ते कठड्याला धरून उतरले. रागानं माणसाला दिसेनासं होतं म्हणतात, ते खोटं नाही.

घरी मेव्हणा बसला होता. डॉक्टरांनी त्याला पाणीही पिऊ दिलं नाही.

"जाळी काढ. आज, आत्ता!"

"दाजी, दोन हजार पिल्लं सोडलीत आम्ही. मंडळाचं वर्षभराचं काम आहे."

"खाली सहा घरं आहेत!"

"मग आधी तुमचा चौथरा फोडा," मेव्हणा त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला. "जाळीतून थोडं तरी पाणी जातं. चौथऱ्यातून जात नाही."

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

"चोर कोण ते ताईला विचारा."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मला विचारू नका. विचारलंत तर सांगावं लागेल."

यानंतर जेवणं मुकाट झाली. मेव्हणा चार दिवस फिरकला नाही. डॉक्टरांना वाटलं, आपण जिंकलो. जाळी होती तिथेच राहिली, चौथराही होता तिथेच. रोज सकाळी दवाखान्यात मात्र डॉक्टर उघड्या तोंडांसमोर सरकारवर, मेव्हण्यावर आणि घुशींवर व्याख्यान देत राहिले. कोणीही उलट बोललं नाही.

बायकोनं त्या दिवसांत एक केलं. डॉक्टरांना शहरातल्या घरी सोडून ती तळ्यावर राहायला गेली. "पेला बघायला कोणीतरी हवं," एवढंच म्हणाली. रोज सकाळी सात वाजता तिचा फोन यायचा. "स्वच्छ." डॉक्टर म्हणायचे, "हं." तीस वर्षांच्या संसारात त्यांचं इतकं नेमानं बोलणं कधी झालं नव्हतं.

मग पाऊस लागला. रविवारपासून लागला तो सोमवारी थांबला नाही, आणि मंगळवारी सकाळी फोन सात वाजता आलाच नाही. साडेनऊला आला. डॉक्टर तेव्हा एका वकिलाच्या तोंडात हात घालून उभे होते.

"अहो," बायको म्हणाली, "पाणी चहासारखं झालंय. मी ओव्हरसियरबाईंना बोलावलंय. तुम्ही निघा."

"दुधाच्या चहासारखं की कोऱ्या?" डॉक्टरांनी विचारलं. माणूस घाबरला की काय विचारेल याचा नेम नसतो.

"दुधाच्या!"

वकिलाच्या तोंडात मसाला तसाच ठेवून डॉक्टर पांढऱ्या कोटातच गाडीत बसले.

तळ्यावर पोचले तेव्हा बाई नुकत्याच येऊन छत्रीखाली उभ्या होत्या, बायको गुडघाभर चिखलात. सांडव्याची जाळी पाल्यानं लिंपून भिंतच झाली होती. उरलेल्या वाटेत चौथरा ऐटीत उभा होता. पाणी तुंबून बांधाच्या खचलेल्या माथ्याच्या हातभर खाली आलं होतं, आणि अर्ध्या तासात चार बोटं चढलं होतं. पायथ्याची करंगळीएवढी धार आता मनगटाएवढी होती.

"मी जाळी तोडतो," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही खाली जाता," बाई म्हणाल्या. "आधी माणसं. बांध तुमचा आहे. तुम्हीच जायचं."

बालवाडी सगळ्यात जवळ होती. डॉक्टर कोटातून पाणी गाळत दारात उभे राहिले. गेल्याच महिन्यात त्यांनी तिथे दात तपासले होते, त्यामुळे त्यांना पाहताच वीस मुलांनी तोंडं गच्च मिटली. एकीनं तर दोन्ही हात तोंडावर दाबले. फक्त एका आज्ञाधारक पोरानं जबडा वासला आणि तो तसाच ठेवला.

"डॉक्टर, आज तपासणी होती?" शिक्षिकेनं विचारलं.

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. तीन महिने सगळ्या जगाशी भांडताना त्यांचा आवाज एकदाही बसला नव्हता. "बाई," ते शेवटी म्हणाले, "वरचं तळं माझं आहे. बांध माझा आहे. तो कदाचित टिकणार नाही. मुलांना घेऊन वरच्या रस्त्यावर चला. आत्ता."

शिक्षिकेनं टाळी वाजवली आणि मुलांची रांग लावली. डॉक्टरांनी दोघांना कडेवर घेतलं. त्यातलं एक रडत सुटलं: "मला दात नाही काढायचा!"

मुलं रस्त्यावर पोचवून ते सहा घरांत गेले. प्रत्येक दारात तीच चार वाक्यं म्हटली. आणि शेवटी रोपवाटिकेत. रोपवाटिकेची मालकीण एकटी बाई होती, पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने." तिनं हातातली कुंडी खाली ठेवली. "मागच्या महिन्यात तुम्ही माझी दाढ काढलीत. तासभर मी खुर्चीत होते. तासभर तुम्ही बोलत होता. सरकारवर बोललात. मेव्हण्यावर बोललात. घुशींवर बोललात! एवढं सांगायला जमलं नाही, की बाई, तू जिथे झोपतेस त्याच्या डोक्यावर माझं पाणी आहे?"

तिच्या तोंडात आज मसाला नव्हता, आणि ती थांबलीही नाही. तिनं त्यांना नालायक म्हटलं, भित्रा म्हटलं, आणखी दोन शब्द म्हटले जे त्यांना उभ्या आयुष्यात कोणी म्हटले नव्हते. डॉक्टर पावसात उभं राहून ऐकत होते. ती जे बोलत होती ते त्यांना नवीन नव्हतं. रोज सकाळी फोनवर "हं" म्हणताना त्यांच्या मनात हेच यायचं आणि ते घाईनं कारकुनावर रागवायला घ्यायचे.

"आता काय करायचंय?" तिनं अचानक विचारलं.

"चौथरा फोडायचाय," डॉक्टर म्हणाले. "मी बांधलेला. सांडव्यात."

तिनं आपल्या कामाच्या दोन्ही बायकांना हाक मारली, तीन पहारी आणि एक घण उचलला, आणि डॉक्टरांकडे न पाहता उताराला लागली.

वर मेव्हणा आलेला होता. ताईचा फोन गेल्यावर तो मंडळाचे चार लोक घेऊन धावत आला होता, आणि कंबरभर पाण्यात उभा राहून स्वतःच्या हातानं जाळीच्या तारा कापत होता. जाळी सुटली तसा पाल्याचा लगदा भसकन निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग चांदीच्या रेघांसारखी ती दोन हजार पिल्लं. मेव्हणा बघत राहिला. पावसात माणूस रडतोय की नाही ते कळत नाही, पण डॉक्टरांना कळलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, आता नको," मेव्हणा म्हणाला. "घण घ्या."

चौथऱ्यावर पहिला घाव रोपवाटिकावालीनं घातला. असा घातला की नक्षीचा कठडा एका दणक्यात आडवा झाला. डॉक्टरांनी तो चौथरा चांगल्या गवंड्याकडून बांधून घेतला होता, आणि त्या गवंड्याला त्यांनी त्या तासाभरात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या कुठल्या वाईट गवंड्यालाही कोणी दिल्या नसतील. सिमेंट फुटता फुटेना. सात माणसं आळीपाळीनं घाव घालत होती. पाणी माथ्याच्या वीतभर खाली आलं. मग चार बोटं. खचलेल्या जागेवर बायको आणि मंडळाचे दोघं मातीची पोती रचत होते.

पायथ्याशी ओव्हरसियरबाईंनी वेगळाच कारभार मांडला होता. रोपवाटिकेतली वाळू आणि खडी त्यांनी हातगाडीनं आणवली. डॉक्टर धापा टाकत खाली आले आणि धारेवर चिखलाचा गोळा दाबू लागले, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातावर फटका मारला.

"बुजवायचं नाही! पाण्याला जाऊ द्या, मातीला अडवा. आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी."

धार वाळूतून, खडीतून वाहत राहिली. बाई पेला धरून बसल्या. दुधाचा चहा. मग फिका चहा. दुपारी एकच्या सुमाराला दगडी बाक गडगडत सांडव्यातून गेला, त्यामागे अर्धा चौथरा गेला, आणि पाण्याला वाट मिळाली. तळं उतरायला लागलं. पहिल्यांदा कोणाला खरं वाटेना. बायकोनं काठाशी काठी रोवली, आणि सगळी माणसं ओल्या अंगानं त्या काठीकडे टक लावून उभी राहिली. काठी बोटभर उघडी पडली. मग दोन बोटं.

"घाम," ओव्हरसियरबाई पेला उजेडात धरून म्हणाल्या.

बांधाचा एक लचका संध्याकाळी घसरून खाली आला, पण तोवर त्यामागे दाबायला पाणी नव्हतं. कोणाचं काही गेलं नाही. वकील मसाला स्वतःच काढून दुसऱ्या दातवाल्याकडे गेला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी कारकून आला, फाइल घेऊन, चकचकीत गमबूट घालून. फुटक्या चौथऱ्याच्या उरलेल्या कडेवर कागद मांडून बसला. भोवती सगळे जमले होते.

"मनुष्यहानी?"

"नाही."

"घरांचं नुकसान?"

"नाही."

"मग साहेब, घटना काय घडली? नोंद कशाची करू?"

"म्हणजे घरं वाहून जायला हवी होती?" डॉक्टरांचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठावर आपटून परत आला. "वीस पोरं रस्त्यावर भिजत उभी होती! ती घटना नाही?"

"रागावू नका. तुमच्याच भल्याचं सांगतो." कारकून पुढे झुकला. "ही बाब आजवर कागदावर उंचवटा आहे. उंचवट्याला कोणी जबाबदार नसतो. मी एकदा धोकादायक बांध असं लिहिलं, तुमचं नाव टाकलं, की दर पावसाळ्याआधी तपासणी तुमची, दुरुस्ती तुमची, आणि उद्या काही झालं तर खटलाही तुमच्यावर. त्यापेक्षा राहू द्या ना."

तळ्याकडे कोणी बघत नव्हतं. तिथे बघण्यासारखं उरलंही नव्हतं. अर्धं पाणी, अर्धा चिखल. डॉक्टर बायकोकडे वळले. या खेपेला ती पक्षी बघत नव्हती.

"लिहा," डॉक्टर म्हणाले. "धोकादायक. माझं नाव लिहा. चौथरा मीच बांधला होता तेही लिहा."

"त्याला रकाना नाही."

"मग पाठीमागे लिहा! कोऱ्या बाजूला!"

कारकुनानं सुस्कारा टाकला आणि लिहिलं. डॉक्टरांनी सही केली. "साक्षीदार?" कारकुनानं विचारलं.

मेव्हणा पुढे झाला, पण रोपवाटिकावालीनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. "मी करते."

डॉक्टरांनी हात जोडले. "बाई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले?" ती फिसकारली. "चांगुलपणानं नाही करत. हा माणूस उद्या फिरला तर माझ्या हातात कागद पाहिजे, म्हणून करतेय."

डॉक्टरांना जबरदस्त राग आला. तो कोणावर काढावा हे सुचेपर्यंत तिनं पेन उचललं आणि दात-ओठ खात सही केली, इतकी दाबून की खालच्या तिन्ही कोऱ्या कागदांवर ती जशीच्या तशी उमटली. कारकुनानं ते कागद उचलून तिरप्या उजेडात धरले, अक्षर न् अक्षर वाचता येतंय याची खात्री केली, आणि समाधानानं फायलीला लावले.

"बरं झालं," तो म्हणाला. "प्रती लागणारच होत्या."